मित्र आला, चला

३ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे बाजूला टाकणार आणि जेवण झाल्यावर, दुसरं काही वाचायला नाही म्हणून उघडणार. मी तुला ओळखून आहे. तेव्हा तुझं जेवण झालंय असं धरून लिहिते.

आधी तुझ्या लेकीचं. भिंगरी मजेत आहे. शाळेत जाते, पोटभर जेवते, आणि तुला बरं वाटो न वाटो, ती आता दिवा बंद करून झोपते. ती जन्मल्यापासून तू तिच्या उशाशी दिवा जळत ठेवलास. माझ्याकडे आली आणि सवय गेली. मी काही जादू केली नाही. बागुलबुवा दाखवत नाही, आणि ‘पडशील, लागेल, मागे हो, हात धर’ हा तुझा दिवसभराचा जप करत नाही, एवढंच. मावशी म्हणून थोडा भाव खाऊ दे मला.

आता आपल्या कार्टून सिनेमाचं. तू ‘लेखिका म्हणून माझं नाव काढून टाका’ म्हणत दार आपटून गेलीस, त्याच आठवड्यात बॉसनी बिबट्या काढला. सगळ्या शॉटमधून काढला. त्यांचं पालुपद तेच, मुलं घाबरतात, रडतात, आणि आईबाप त्यांना काखोटीला मारून थिएटरबाहेर पडतात. तू म्हणाली होतीस की जंगलात कोण कोणाला खातं आणि एक जण गेला तर बाकीच्यांचं काय होतं, हे शिकवायला काढलेल्या सिनेमात कोणीच कोणाला खाणार नसेल, तर ती हरणांची सहल होईल. झाली आहे. दिसायला सुरेख आहे. मी त्या बैठकीत तुझ्या बाजूने तोंड उघडलं नाही याचा तुला राग आहे, तो असू दे. मला हे काम हवं होतं आणि अजून हवं आहे. तू तिकडे जंगलात झाडं मोजायची नोकरी धरलीस, मी इथे झाडं रंगवते. दोघींचं झाडांवर पोट आहे, भांडायचं कशाला?

एक गंमत सांगते. बॉसनी फर्मान काढलं की संवादांत बिबट्या हा शब्द कुठेही दिसता कामा नये, त्याऐवजी पाडसाला एखादा मित्र द्या. संवाद टाइप करणारी आपली चष्मिस, तिने संगणकाला सरळ हुकूम दिला, जिथे बिबट्या असेल तिथे मित्र घाल. दुसऱ्या दिवशी डबिंगला भिंगरीच्या हातात कागद आला. ‘मित्र आला, पळा! मित्र गवतात दबा धरून बसलाय. मित्राने काल कोणाला नेलं?’ आम्ही हसून लोटपोट. बॉसही हसले आणि म्हणाले, “पळाचं चला करा. शेवटचं वाक्य उडवा. बाकी चालेल, वेळ नाहीये.”

म्हणून तुझ्या लेकीच्या तोंडचं पाडस आता कळपाला सांगतं, ‘मित्र आला, चला!’ बॉसना ते मनासारखं होईपर्यंत तिने इतक्या वेळा म्हटलंय की घरीही तेच चालू असतं. दार वाजलं, मित्र आला, चला. कुकरची शिट्टी झाली, मित्र आला, चला.

माझी एक कटकट आहे. ओढ्याकाठच्या झाडांची चित्रं मी कागदावर रंगवते हे तुला माहीत आहे. त्यांतल्या काही झाडांची खालची पानं फिकी पडली आहेत. रंगाची बाटली जुनी असणार. पुन्हा रंगवते.

तुझी,
धाकटी

११ नोव्हेंबर

ताई,

तुमच्या कॅम्पची गाडी तुझ्याकडे किराणा घेऊन गेली, माझं पत्र घेऊन गेली, आणि परत येताना भिंगरीसाठी तू काढलेलं पक्ष्याचं चित्र घेऊन आली. मला एक ओळ नाही. ठीक आहे. चोच छान जमली आहे.

तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण हे विचारायला दुसरं कोणी नाही. झाडांचा प्रकार रंगाच्या बाटलीचा नाही. मी नवी बाटली उघडली, नवा कागद घेतला, संध्याकाळी पानांनी भरलेलं झाड टेबलावर वाळत ठेवून घरी गेले. सकाळी खालची पानं नव्हती. फिकी पडलेली नव्हेत, नव्हतीच. तिथे काटक्या होत्या. ताई, पानांखाली काटक्या मी कधी काढतच नाही, पानांनी झाकायच्या त्या काढून कोण वेळ घालवेल? पण होत्या. बारीक, टोकाला जरा चावल्यासारख्या, आणि हात माझाच. माझा ब्रश शेवटाला डावीकडे ओढला जातो, ती ओढही त्यात होती.

दुसरं म्हणजे प्रत्येक झाडाची पानं एकाच उंचीपर्यंत गेली आहेत. सगळी चित्रं भिंतीला ओळीने लावून बघितली, तर पट्टी धरून आखल्यासारखी रेघ दिसते. रेघेच्या वर गच्च हिरवं, खाली नुसत्या काटक्या. तू एकदा बोलली होतीस, ओढ्याकाठी हरणं निवांत उभी राहिली की तोंड पोचेल तिथपर्यंत झाड साफ करतात, म्हणून. तेव्हा मी जांभई दिली होती. हरीण भ्यायलं की एका जागी फार वेळ चरत नाही, दोन घास घेऊन पुढे सरकतं, म्हणून मागे झाड वाचतं, असंही तू म्हणालीस. त्याला तुझ्या पुस्तकात एक नावही होतं. ते काय होतं?

आमचे आवाजवाले काका म्हणतात त्यांच्याकडेही काही बिघडलंय. जंगलाच्या आवाजात त्यांनी तू दिलेले पक्षी घातले होते. ट्रॅकवर ते दिसतात, सुई हलते, पण ऐकू येत नाहीत. मी म्हटलं, “काका, कान तपासून घ्या.” ते हसले नाहीत. म्हणाले, “खालची झुडपं गेली, मग पक्षी बसतील कुठे?” मी त्यांना माझी चित्रं दाखवलेली नाहीत.

भिंगरी उत्तम. हल्ली रस्त्यात हात धरत नाही, मोठी झाली. फाटकाशी बांधलेला तो खवीस कुत्रा आठवतो? तिने काल त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तोच मागे सरकला आणि साखळी ताणून भिंतीला चिकटून उभा राहिला.

धाकटी

२० नोव्हेंबर

ताई,

यावेळी चित्रही आलं नाही. कामात असशील.

इथे कळपाचे शॉट सुरू आहेत. तुझा हट्ट होता की हरीण चरत असलं तरी त्याचे कान हलत राहिले पाहिजेत. त्या कानांसाठी एक पोरगा वेगळा बसवला आहे, त्याला सगळे कानफाट्या म्हणतात. तो बिचारा शप्पथ घेऊन सांगतो की दररोज कान हलवून जातो आणि दररोज सकाळी ते पडलेले असतात. मी बघितलं. पडदाभर हरणं, पोटं सुटलेली, माना खाली, कान लोंबते. एकही मान वर करत नाही. ओढ्याचं पाणी मी निळं रंगवलं होतं, ते चहासारखं झालंय. काठची मुळं गेली की माती पाण्यात येते, हे मीच कानफाट्याला समजावून सांगितलं आणि माझा आवाज ऐकून मला तुझी आठवण झाली. अगदी तुझ्यासारखं, बोट वर करून.

बॉसना काही दिसत नाही. त्यांना वाटतं, आम्ही सिनेमाला शांत, संध्याकाळचा मूड आणला आहे. “छान निवांत वाटतंय,” म्हणाले.

भिंगरीचा गुडघा जरा खरचटलाय. खेळताना पडली. काळजीचं कारण नाही. डबिंगच्या खोलीत मात्र ती वाक्यं संपल्यावरही उभी राहते. काचेपलीकडे आम्ही असतो, आमच्याकडे बघत नाही. कोपऱ्यात, जमिनीजवळ बघते. काल हातात कागद नव्हता, माइक बंद होता, आणि तिचे ओठ हलताना दिसले. मी दार उघडून विचारलं, कोणाशी बोलतेस गं? ती म्हणाली, “मित्र आला.” मग माझ्याकडे बघून अगदी गोड हसली.

पुढच्या गाडीने काहीतरी पाठव. तिला नाही, मला.

धाकटी

२२ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र गाडीच्या दिवसाची वाट न बघता पाठवते आहे. ड्रायव्हरच्या घरी जाऊन हातापाया पडले. तो उद्या निघेल.

गुडघा खेळताना खरचटला नाही. शाळेतून येताना मी भाजीच्या दुकानाशी वळले आणि मागे बघितलं तर ती रस्त्याच्या मधोमध उभी. बस येत होती. ती बसकडे तोंड करून उभी होती, दोन्ही हात मोकळे, आणि हसत होती. मी ओरडलेसुद्धा नाही. ड्रायव्हरने बस कशी थांबवली त्याचं त्याला ठाऊक. बसचा धक्का लागून ती गुडघ्यावर बसली, एवढ्यावर निभावलं. तो खाली उतरला. मला म्हणाला, “अहो बाई, पोर हलेचना हो. हॉर्न दिला तर मलाच म्हणते, मित्र आला, चला.”

डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले, कान बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली. सगळं ठीक. त्यांनी तिच्यासमोर अचानक टाळी वाजवली, मी खुर्चीत उडाले, ही पापणीसुद्धा न हलवता बसून. “धीट आहे हो तुमची मुलगी,” म्हणाल्या. माझी नाही, माझ्या बहिणीची, असं मी सांगितलं आणि मला रडू फुटलं.

आणखीही आहे, लिहितेच आता. त्याआधी एकदा ती खिडकीच्या कट्ट्यावर पाय बाहेर सोडून बसलेली मला सापडली. आपण किती उंच राहतो ते तुला माहीत आहे. मी खिडक्यांना कुलपं लावली आणि तुला लिहिलं की ती उत्तम आहे. गॅसच्या ज्योतीवर हात धरून उभी होती, तेही लिहिलं नाही. भाजलं तेव्हा रडली, पण हात काढून घेतला तो मी. दुखतं तिला. दुखण्याच्या आधी जे वाटायला हवं ते वाटत नाही.

मी तिला दिवा बंद करून झोपवते म्हणून फुशारकी मारत होते, ताई. मला वाटलं, माझ्या प्रेमळपणाने तिची भीती गेली. ती गेली हे खरं, पण मला ती परत हवी आहे आणि कशी आणतात ते माहीत नाही. मी तिच्यावर ओरडून पाहिलं. मला ओरडता येत नाही, सगळ्यांना हसू येतं, तिलाही आलं. तुझा फोन लागत नाही. तू येईपर्यंत मी तिला मनगटाला धरून फिरते आहे, शाळेत पाठवत नाही. स्टुडिओत नेते, नाहीतर घरी कोणाकडे ठेवू?

आणि माझ्या चित्रांत आज वरचीही पानं गेली आहेत. हरणं मागच्या पायांवर उभी राहून खात असणार.

धाकटी

२८ नोव्हेंबर

ताई,

ड्रायव्हर सांगत आला की तू वरच्या टेकड्यांवर आहेस आणि पत्र तंबूत ठेवलंय. म्हणजे तू अजून काही वाचलेलं नाहीस. मला थांबता येण्यासारखं नव्हतं. जे केलं ते सांगते.

मी आवाजवाल्या काकांना सगळं दाखवलं, झाडं, काटक्या, रेघ, आणि गॅसवर भाजलेला हात. त्यांनी तो हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “बिबट्या काढला ना, तेव्हापासूनचं आहे हे सगळं. परत आणावा लागेल. निदान आवाज तरी.” बॉसनी बिबट्याचं सगळं पुसायला लावलं होतं. पण काकांच्या हातून काही पुसलं जात नाही, त्यांनी बायकोच्या चुकून लागलेल्या फोनचे आवाजसुद्धा जपून ठेवलेत. त्यांच्याकडे तुझं पहिलं रेकॉर्डिंग होतं, खरे कलाकार ठरायच्या आधी अंदाज यावा म्हणून तू एकटीने सगळी पात्रं वाचली होतीस ते. पाडस तू, हरणी तू, बिबट्या तूच.

सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघंच स्टुडिओत गेलो. तुझ्या जुन्या संवादांचा कागद भिंगरीच्या हातात दिला. तिने वाचला आणि काचेतून मला म्हणाली, “मावशी, हे चुकलंय. इथे मित्र पाहिजे.”

“जे लिहिलंय ते वाच.”

“पण असं काही नसतं.”

“वाच गं राणी.”

तिने वाचलं. बिबट्या आला, पळा. हजेरी दिल्यासारखं. काकांनी मान हलवली आणि तिच्या कानात तुझा बिबट्या सोडला.

तू तेव्हा गुरगुरली नव्हतीस, डरकाळीही फोडली नव्हतीस. बॉस वैतागले होते, हा कसला बिबट्या म्हणून. तू नुसता नाकाने श्वास घेतला होतास. लांब, आत ओढलेला, आणि मग थांबलेला. बाहेर मला तो स्पीकरवर ऐकू आला आणि माझे हात आपोआप मांडीवर आले. ताई, तो बिबट्याचा श्वास नाहीच मुळी. कोणावर ओरडायच्या आधी तू जो घेतेस तो आहे. लहानपणी तो ऐकला की मी हातातलं टाकून उभी राहायचे. भिंगरी तर तो ऐकत रांगायला शिकली. चुलीकडे हात गेला, श्वास. रस्त्याच्या कडेला पाऊल गेलं, श्वास. तू ओरडायच्या आत ती मागे झालेली असायची. या घरात, या सिनेमात, तो कोणी घेतच नव्हतं.

तिचे खांदे वर गेले. ती माइकपासून एक पाऊल मागे सरली आणि म्हणाली, “आई?”

मग तिने त्या कोपऱ्यात बघितलं, इतके दिवस जिथे बघून हसायची तिथे. मी तिचा चेहरा बघत होते. तिथे जे काही होतं ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं. ती किंचाळली. बिबट्या आला, पळा. काकांनी टेप चालू ठेवली होती, ते तसंच्या तसं आलंय, मी पुन्हा ऐकणार नाही. ते जड दार तिला एकटीला कधीच उघडत नाही. ते तिने उघडलं आणि येऊन माझ्या पोटात तोंड खुपसलं. फ्रॉक भिजवला होता. मी तिला इतकी घट्ट धरली की काका म्हणाले, “अहो, श्वास घेऊ द्या तिला.”

तिला घेऊन निघताना मी आत डोकावले. कोपऱ्यात काही नव्हतं. काचेवर मात्र आतून वाफ धरली होती, तोंड जवळ नेल्यावर धरते तशी. भिंगरीच्या तोंडाच्या बऱ्याच खाली.

धाकटी

५ डिसेंबर

ताई,

तू निघाल्याचा निरोप मिळाला. हे पत्र तुला वाटेत गाठेल असं ड्रायव्हर म्हणतो. पोचण्याआधी तुला काही गोष्टी माहीत हव्यात.

झाडांना खालून पालवी फुटली आहे. मी रंगवलेली नाही. काकांचे पक्षी ऐकू येतात. हरणांचे कान उभे आहेत, सगळ्यांचे एका दिशेला वळलेले. कानफाट्याने बोट रोखून ती दिशा शोधली तर ती पडद्यातून बाहेर येऊन आमच्या खोलीच्या दाराशी संपते. कळपातलं एक म्हातारं हरीण कोणत्याच शॉटमध्ये सापडत नाही. बॉसनी काल सगळं पुन्हा बघितलं आणि विचारलं, “गवतात ते काय आहे?” आमच्यापैकी कोणी तिथे काही रंगवलेलं नाही. ते पुसून टाका असं त्यांनी सांगितलं नाही. उठून दार नीट बंद आहे का बघितलं आणि परत येऊन बसले. मीसुद्धा आता जिना चढताना मागे बघते. भरदुपारी, माणसांची ये-जा असताना बघते.

भिंगरी रस्त्यात माझा हात धरते, नखं रुतेपर्यंत धरते. दिवा लावून झोपते. गॅस पेटवला की स्वयंपाकघराबाहेर जाते. पुन्हा तुझी मुलगी झाली आहे.

पण एक अवघड आहे आणि ते तुला दाराशी आल्यावर कळू नये. ती सारखी विचारते, आई कधी येणार? आणि मी ‘येते आहे’ म्हटलं की तिचा रंग उडतो. तो श्वास तुझा आहे हे तिला कळलंय. कोपऱ्यात जे होतं ते तिच्या मनात आता तुझ्यासोबत येतं. तिला तू हवी आहेस आणि तिला तुझी भीती वाटते, दोन्ही एकदम. मी समजावून पाहिलं, जमलं नाही. तू आजवर तिच्यावर ओरडलीस त्याचं हे फळ आहे असं वाटून घेऊ नकोस. त्या ओरडण्यावर ती इतकी मोठी झाली. मी गोड मावशी होऊन तिला बससमोर उभं केलं.

तर तू आलीस, जिना चढून दमलेली, दारात उभी राहून श्वास घेतलास, की ती पळेल. पलंगाखाली जाईल नाहीतर माझ्यामागे. तुला ते लागेल. इतक्या लांबून आलेल्या आईला लागणारच. तरी परत फिरू नकोस, माझ्याशी भांडत बसू नकोस, आणि तिला हाकाही मारू नकोस. चपला काढ, आत ये, खाली बस. इतके दिवस मी एक अशी मुलगी सांभाळली जी कशालाच बघून पळत नव्हती.

ये ताई. तिला पळू दे.

तुझी,
धाकटी